दर्याकडचं दार

या ग्रुपवर जे जुने मेंबर आहेत ते माझं नाव बघूनच हसतील. कुणी लिहिलं की झोपेत छातीवर कुणीतरी बसलं होतं, की खाली माझी कमेंट ठरलेली — याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात, डॉक्टरला दाखवा. कुणी लिहिलं की बंद खोलीत पावलं वाजली, की मी विचारते, घरात उंदीर किती? लहानपणी तिठ्यावर उतारा ठेवलेला असायचा, तर बाकीची पोरं लांबून वळसा घालायची आणि मी त्यातला नारळ चांगला आहे का ते बघायचे. त्यामुळे आज मी इथे काही लिहितेय हे मलाच विचित्र वाटतंय. पण लिहिते. गावाचं नाव लिहिणार नाही, आणि तिथल्या दोघींची नावं बदलली आहेत. बाकी सगळं जसं झालं तसं.

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. हे मी सांगते, कारण ते फुकट मिळालेलं नाही. आमचा मळा नाशिकला मखमलाबादच्या पुढे. वडील — आम्ही अण्णा म्हणतो — झेंडू, शेवंती, गुलाब लावायचे. मी कॉलेजला निघायचे ती पहाटेची फुलं तोडून, नखात हिरवा रंग घेऊन. आता सातपूरला एका कंपनीच्या लॅबमध्ये क्वालिटीला आहे. पाण्यात काय आहे आणि काय नाही, हे सांगायचा मला पगार मिळतो.

दोनेक वर्षांपूर्वी अण्णांना झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला. पाय बराच सुधारला, काठी घेऊन चालतात. हात थोडा आला. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. स्पीच थेरपीच्या मॅडमनी नाव सांगितलं — अफेजिया. सगळं समजतं, ओळखतात, हसतात, पण शब्द तोंडापर्यंत येत नाही. मॅडम म्हणाल्या, काही पेशंटना निदान आकडे येतात, आरती येते, शिव्या तरी येतात. अण्णांना काहीच येत नव्हतं. ‘अं’. एवढंच. राग आला तरी ‘अं’, भूक लागली तरी ‘अं’.

आणि माणूस कसा होता... फुलबाजारात अण्णांचा आवाज दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. मी बी.एस्सी. झाले त्या दिवसापासून मला नावानं हाक मारणं त्यांनी बंद केलं. ‘सायेब’ म्हणायचे. कंपनीच्या गेटवर सोडायला आले की सिक्युरिटीवाल्यांसमोर मोठ्यानं — “सायेब, डबा ऱ्हायला तुमचा!” मी चिडायचे. गेटवरची पोरं अजून मला सायेब म्हणतात.

मला ते एक परत ऐकायचं होतं. बाकी काही नाही बोलले तरी चालेल, पण तेवढं एक. रोज संध्याकाळी चित्रांची कार्डं घेऊन बसायचे. कप, आंबा, बैल. अण्णा बैलाकडे बघून डोळ्यांत पाणी आणायचे आणि म्हणायचे, अं.

मॅडम म्हणाल्या, त्यांना घरात कोंडून ठेवू नका, नवीन काही दाखवा, बोलत राहा. आता अण्णांना नवीन काय दाखवणार? तर समुद्र. माझे वडील दादरच्या फुलबाजारात टेम्पो घेऊन शेकडो वेळा गेले असतील. समुद्र तिथून चालत जाण्याइतका. पण कधी पाहिला नाही. माल उतरवला की टेम्पो माघारी, कारण इकडे दुसऱ्या दिवसाची तोड. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे लागेल — अण्णांनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता, आणि समुद्रकाठच्या कुठल्या गावी ते कधी गेलेले नव्हते. आईनं तर कल्याणसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

“येडी झाली का तू,” आई म्हणाली. “त्यांना संडासापर्यंत न्यायचं म्हनलं तर माझी कंबर धरती, आन तू आगगाडीत चढवती.”

“गाडीतही संडास असतो, आई.”

“लय शानी.”

पण दुसऱ्या दिवशी बघितलं तर तिनं नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू पिशवीत बांधून ठेवलं होतं. समुद्राची ओटी भरायची म्हणे. आपण गोदामाईची भरतो, सगळ्या नद्या जिथं जातात त्याची का नाही भरायची?

दिवाळी होऊन थंडी पडली होती. नाशिकरोडहून सकाळची गाडी, कल्याणला उतरून बदलायची, पुढे वसईला पुन्हा एकदा. डहाणूच्या बाजूचं एक लहान स्टेशन — कंपनीतल्या एका मैत्रिणीनं सुचवलं होतं, गर्दी नसते म्हणून. आम्हा तिघांपैकी कुणाचंही तिथे कुणी नाही, ओळख ना पाळख. इगतपुरीला अण्णांनी डाव्या हातानं वडापाव खाल्ला, शर्टावर सांडला. घाटात बोगदा आला की आई हात जोडायची. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणे, “वर एवढा डोंगर हाय, त्याला वाटू नये आपन फुकट चाललो.” अण्णा हसले. अर्धा चेहरा हसतो त्यांचा. मला वाटलं, आले ते बरं झालं.

दुपारी पोचलो. स्टेशनवरून रिक्षा, मग सुरूच्या झाडांतून थोडं चालणं. आणि समोर समुद्र.

अण्णा थांबले. काठी वाळूत रुतवून उभे राहिले आणि बघतच राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, खोटं कशाला बोलू. मला वाटत होतं, आता काहीतरी येईल. एखादा शब्द. सिनेमात येतो तसा. आला तो ‘अं’.

ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं, ओली वाळू कडक, चालायला बरी. आईनं पाण्याच्या कडेला बसून ओटी भरली. नारळ सोडला तर तो लाटेनं परत तिच्या पायाशी आणून टाकला. “घेत का नाय बाई हा?” म्हणून तिनं पुन्हा ढकलला. मग तिनं ते केलं, जे आमच्याकडची कुठलीही बाई गोदावरीवर करते. ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि तीर्थ म्हणून एक घोट घेतला.

तिचं तोंड बघण्यासारखं झालं. “आगं आई गं... मीठ किती टाकलंय.”

मी हसून हसून खाली बसले. पण ती मागे हटणारी नव्हे. पुन्हा ओंजळ भरली आणि अण्णांकडे गेली. त्यांच्या डोळ्यांना लावलं, मग ओठांना. अण्णांनी तोंड उघडलं आणि तिनं उरलेलं पाणी तोंडात सोडलं. त्यांनी ते गिळलं. तोंड वाकडं केलं नाही, थुंकले नाहीत. मी म्हटलं, अगं बीपी आहे त्यांना, मीठ नको. ती म्हणाली, तीर्थाला बीपी लागत नाय. आणि रिकामी पाण्याची बाटली काढून समुद्राचं पाणी भरून घेतलं, घरी न्यायला. देवघरात गंगेच्या तांब्याशेजारी ठेवायला.

किनाऱ्याच्या वरच्या अंगाला बांबू रोवून दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर बोंबील वाळत घातले होते, जबड्यात जबडा अडकवून, जोडी जोडीनं. शेजारी एक होडी पालथी घातलेली. अण्णांना तिच्यावर बसवलं. दोरीपाशी एक म्हातारी बाई टोपलीतले बोंबील काढून अडकवत होती, आमच्याकडे पाठ करून. उंच, काटक, कपाळाला मोठं कुंकू. हे मला नंतर दिसलं. तेव्हा मी तिच्याकडे नीट बघितलंही नव्हतं. मी मोबाईलवर अण्णांचे फोटो काढत होते आणि आई पदरानं त्यांचं तोंड पुसत होती.

“चिंबोरे गो.”

मला आधी वाटलं, मागून कुणीतरी बोललं.

“चिंबोरे गो, दर्याकडच्या दाराला कडी घाल आता. मी काय येत नाय.”

अण्णा बोलत होते. माझे वडील. अडखळत नाही, बोबडं नाही. स्पष्ट, बाजारातल्या आवाजात. हाका मारून घसा बसतो ना, तशी त्यांच्या आवाजात कायम एक खरखर होती, त्या खरखरीसकट.

पुढचं लिहायला लाज वाटते, पण ते काय बोलले हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलंच नाही. बोलले — एवढंच शिरलं. मी त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं. “अण्णा, परत बोला. अण्णा, काहीही बोला.” आई हसत होती आणि रडत होती. “लागू पडलं, पाणी लागू पडलं,” असं म्हणत तिनं वाळूवर डोकं टेकलं. अण्णा आमच्याकडे बघत होते, आम्हाला काय झालंय ते न कळल्यासारखे.

मग माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला. ओला, खवल्यांचा. त्या हातानं अण्णांचा शर्ट छातीपाशी धरला.

ती म्हातारी. तिला मी इथे जानकीबाई म्हणेन. त्यांची बोली मला नीट लिहिता येत नाही, चुकलं तर त्या बाजूच्या लोकांनी सांभाळून घ्यावं.

“काय बोललास? परत बोल.”

अण्णा तिच्या हाताकडे बघत राहिले.

“ह्या नाव तुला कोनी सांगला? कोनी पाठवला तुला?”

“ओ मावशी, हात काढा आधी,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “आजारी माणूस आहे. दीड वर्ष झालं, त्यांना बोलता येत नाही.”

तिनं माझ्याकडे बघितलं.

“मंग आता कोन बोलला?”

मी अण्णांसमोर आडवी उभी राहिले.

तिच्या मागून तिची सून धावत आली. तिला वंदना म्हणू. माझ्याच वयाची, दहावी-बारावी शिकलेली, शहरातल्यासारखी बोलणारी. तिनं सासूचा हात सोडवला आणि आमची माफी मागितली. मग विचारलं काय झालं. मी सांगितलं. अण्णा जे बोलले ते शब्द मी तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं उच्चारले आणि उच्चारताना माझ्या लक्षात आलं की यातला एक शब्द मला माहीत नाही. चिंबोरी म्हणजे काय?

“खेकडी,” वंदना म्हणाली. मग सासूकडे वळून, “पण तुम्हाला कोण चिंबोरी म्हणतं?”

जानकीबाई वाळूत बसली होती. हातात एक बोंबील तसाच.

“तुजा सासरा,” ती म्हणाली.

आम्हाला त्यांनी घरी नेलं. उन्हात आजारी माणसाला बसवू नका म्हणून. घर दोन गल्ल्या सोडून, कौलारू, बुटकं. पुढचं दार गावाकडे, मागचं समुद्राकडे. चहा झाला. तिथे वंदनानं सांगितलं ते मी थोडक्यात लिहिते.

जानकीबाईंचा नवरा मासेमारीला गेला तो परत आला नाही. वीसेक वर्षं झाली असतील. वादळ झालं, होडी फुटली. बरोबरच्या दोघांची प्रेतं किनाऱ्याला लागली, याचं लागलं नाही. जानकीबाईंनी मानलंच नाही. कार्य करू दिलं नाही, कुंकू पुसलं नाही. मुलाला समुद्रावर पाठवलं नाही, तो बोईसरला कंपनीत जातो. आणि त्यांच्या आळीत एक रीत आहे. घरचा माणूस दर्यावर असला की समुद्राकडच्या दाराला कडी घालत नाहीत. नुसतं लोटून ठेवतात. तो कधी परत येईल सांगता येत नाही, ओला, दमलेला, हातात जाळं. त्याला स्वतःच्या दारात हाक मारत उभं राहावं लागू नये.

“मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे दार असंच आहे,” वंदना म्हणाली. “वाळू येते, मांजर येतं, एकदा शेजारचा दारुडा येऊन झोपला होता. आम्ही दोघं नवराबायको आत झोपतो आणि घराला दार नाही. कडीचा विषय काढला की ही बाई दोन दोन दिवस जेवत नाही. मुलानं हात टेकले.”

मी उठून दार बघितलं. जाड लाकडाचं, खालून सडलेलं. एक दगड लावून लोटलेलं. लोखंडी कडी खाली लटकत होती, गंजून एका जागी चिकटलेली. तिच्यात आणि चौकटीत कोळ्यानं जाळं विणलं होतं. ही कडी कित्येक वर्षांत कुणी लावलेली नव्हती, एवढं मलाही कळत होतं.

मी जी आहे ती आहे. मी प्रश्न विचारायला लागले. हे नाव कुणाकुणाला माहीत होतं?

“त्याला नि मना,” जानकीबाई म्हणाली. “चार भिंतीच्या आत म्हनायचा. मी धरला का सोडत नाय म्हनून.”

तुमच्या सासूला? नणंदेला?

“आई-बापासमोर बायकोला खेकडी म्हनंल काय कोन?”

“एवढी वर्षं झाली,” वंदना म्हणाली, “मलाच आज कळलं.” ती हसायला गेली, पण हसणं तोंडातच राहिलं.

आईनं मग आपण होऊन पाण्याचं सांगितलं. तीर्थ दिलं, आणि मग बोलले. तिला वाटलं असेल की यांना आनंद होईल. दोघींनी कप खाली ठेवले.

“तोंडात घातलंत?” वंदना म्हणाली. “गिळायला?”

“मग तीर्थ काय नुसतं बघायचं असतं?”

“आमच्यात कुणी गिळत नाही. नाकातोंडात गेलं तरी थुंकतो. पोरांनाही तसंच शिकवतो.”

“का बरं?” आईनं विचारलं.

वंदनानं सासूकडे बघितलं. जानकीबाईनंच उत्तर दिलं. साधं, चहात साखर किती विचारावं तसं.

“आमची मानसं हायत ना त्यात.”

समुद्राच्या पाण्यात काय असतं ते मला पाठ आहे. सोडियम, क्लोराईड, मॅग्नेशियम, सल्फेट... लिटरमागे किती ग्रॅम तेही सांगेन. ते सगळं तेव्हा माझ्या जिभेवर होतं. आईचा चेहरा पांढरा झाला होता. अण्णा मात्र निवांत बशीतला चहा पीत होते.

निघायची वेळ झाली, गाडी चुकली असती तर रात्र काढायला ठिकाण नव्हतं. जानकीबाई अण्णांसमोर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून. आता तिनं शर्ट धरला नाही.

“त्या दिशी काय झाला, तेवढा सांग. जास्त नको. लय वेळ लागला काय रे?”

अण्णा तिच्याकडे बघून हसले. कुणीही अनोळखी माणूस प्रेमानं बोललं की हसतात तसे, अर्ध्या तोंडानं. म्हणाले, “अं.”

खरं सांगते, त्या क्षणी आम्ही दोघी एकाच माणसाच्या तोंडाकडे बघत होतो आणि दोघींना वेगवेगळा माणूस हवा होता.

“दमला असंल,” ती म्हणाली. अण्णांच्या गालावरून हात फिरवून उठली आणि दाराकडे गेली. दगड पायानं सरकवला. कडीला हात घातला. कडी हलली नाही. दोन्ही हातांनी ओढली, तरी नाही.

“तेल आन गो,” ती सुनेला म्हणाली.

तेल आणेपर्यंत आमची रिक्षा आली होती. वंदनानं माझा नंबर घेतला. मी मागे वळून बघितलं नाही.

परतीच्या गाडीत कसारा गेल्यावर आई हळूच म्हणाली, “त्यांना काय विचारू नको. भ्यातील.” ती पाण्याची बाटली तिनं मांडीवर धरली होती. ठेवताही येईना, टाकताही येईना. मी मोबाईलमधले फोटो पुन्हा पुन्हा बघत होते. व्हिडिओ नाही. फोटोच काढत होते मी. शेवटच्या फोटोत अण्णा होडीवर बसलेत, तोंड मिटलेलं, आणि फोटोबाहेर कुठेतरी बघतायत.

यानंतर मी तेच केलं जे तुमच्या गोष्टींचं करते. फोडून बघितली. दादरला कोळिणी येतात, ‘गो’ तिथे कानावर पडला असेल — ठीक, मान्य. चिंबोरी हा शब्दही पडला असेल — मान्य. पण दर्याकडचं दार? कडी? आणि अख्ख्या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणासमोर नाही, नेमकं जिच्या घरात ती कडी आहे तिच्यासमोर? तीही पाठमोरी? मी अण्णांच्या जुन्या टेम्पोवाल्याला गाठून विचारलं, कधी तिकडची कुणी माणसं भेटायची का, काही गप्पा? तो म्हणाला, ताई, ते जाताना झोपायचे आणि येताना झोपायचे.

थेरपीच्या मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, कधीकधी आत साठलेलं जुनं, पाठ झालेलं वाक्य अचानक बाहेर पडतं. मी म्हटलं, हे त्यांचं जुनं नव्हतं. त्यांनी विचारलं, तुम्ही नक्की हेच ऐकलंत ना? मला राग आला नाही. मीही हेच विचारलं असतं. पण मी ऐकलं, आईनं ऐकलं, आणि जिला उद्देशून होतं तिनं ऐकलं.

मॅडमनी अण्णांना पुन्हा तपासलं. काही फरक नाही. बैलाचं कार्ड. अं.

एका सकाळी मी कामावर निघताना बघितलं, आई ती बाटली घेऊन अण्णांसमोर उभी. झाकण तिच्यानं निघत नव्हतं. ती घाबरलेली होती, मला दिसत होतं. तरी उभी होती. “एकदा बघू?” ती म्हणाली. “निदान तुझं नाव तरी...”

मी बी.एस्सी. केमिस्ट्री. मी बाटली तिच्या हातून घेतली आणि झाकण उघडून दिलं.

काही झालं नाही. अण्णांनी या वेळी ते थुंकून टाकलं, आणि आईकडे असं बघितलं की तिनं उरलेलं पाणी नेऊन उंबराच्या मुळाशी ओतलं.

मग थंडी सरता सरता वंदनाचा फोन आला. सासऱ्यांचं कार्य केलं म्हणाली. भाऊबंद जेवून गेले. त्यांच्या मुलाला आधी पटत नव्हतं, पण जानकीबाईंनीच धरून बसवलं. दाराची कडी बदलावी लागली, जुनी तुटूनच आली. आता रोज रात्री सासूबाई स्वतः लावतात. पहिले काही दिवस झोप लागली नाही त्यांना, वाऱ्यानं दार वाजायचं ते वाजत नाही म्हणून. आता झोपतात. मग जानकीबाई फोनवर आली. मला म्हणाली, “त्याला सांग, कडी घातली.” आणि फोन ठेवला.

अण्णा मागच्या अंगणात उन्हात बसले होते. वाळलेल्या झेंडूचं बी काढत होते, डाव्या हातानं, सुपात. मळा आता दुसरा कुणी बटाईनं, वाट्यावर करतो, पण बी अजून ते स्वतः काढतात. मी शेजारी बसले. आईनं नको सांगितलं होतं, पण हा निरोप माझा नव्हता, मला तो ठेवून घेता येणार नव्हता. म्हटलं, अण्णा, समुद्रावर गेलो होतो ना, तिथली ती मावशी. तिचा फोन होता. कडी घातली म्हणाली.

त्यांनी सुपातून मान वर केली. काही कळल्याचं दिसलं नाही.

मग मी सगळं सांगितलं. तुम्ही होडीवर बसला होता, तुम्ही तिला हाक मारली, तुम्ही असं असं बोललात. सांगताना मला वाटत होतं, आता चेहऱ्यावर काहीतरी उजळेल. कारण इतके दिवस मी एकाच गोष्टीवर जगत होते. बाकी काहीही असो, शब्द कुणाचे का असेनात, आवाज अण्णांचा होता. म्हणजे आवाज आत आहे. गेलेला नाही. आज ना उद्या माझ्यासाठीही येईल.

अण्णांनी बोट स्वतःच्या छातीला लावलं. मी?

“हो, तुम्ही.”

त्यांनी खरंच विचार केला. कपाळाला आठ्या घालून, खूप वेळ. मग मान हलवली. नाही.

“अण्णा, मी ऐकलंय. आईनं ऐकलंय.”

पुन्हा मान. नाही. मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं, माझा हात धरला आणि माझी बोटं स्वतःच्या गळ्यावर नेऊन टेकवली. डोळे मिटले. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला ओठांवरून कळत होतं, ‘सायेब’मधलं पहिलं अक्षर जुळवताना ओठ थरथरत होते. ‘अं’सुद्धा नाही, बोटांखाली नुसती हवा जात होती.

त्यांनी डोळे उघडेपर्यंत मी हात काढला नाही.